ॲक्सिलरेटरवर कुणाचा पाय होता

आधीच सांगतो, हे वाचून कुणी मला वेड्यात काढलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच केलं असतं. गिऱ्हाइकाच्या गाडीला लटकवलेली लिंबू-मिरची कामाच्या आड आली की काढून ठेवायची आणि जाताना परत बांधून द्यायची, एवढाच माझा त्या जगाशी संबंध. इंजिन बिघडलं की त्याला कारण असतं. सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही... हे मी अजूनही मानतो. फक्त आता ठामपणे बोलता येत नाही.

भोसरी एमआयडीसीत माझं गॅरेज आहे. गाड्यांना टर्बो बसवणं, मोठे इंजेक्टर टाकणं, लॅपटॉप लावून इंजिनचा कॉम्प्युटर सेट करणं, ही माझी कामं. जोडीला सलीम. आयटीआयपासूनचा मित्र, आता भागीदार. मला तो अजूनही ‘दिल्या’च म्हणतो, गिऱ्हाइकासमोरसुद्धा.

गेल्या दिवाळीआधी अनिकेत नावाचा मुलगा एक राखाडी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन आला. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. गाडी जुनी, बरेच हात बदललेली, इंजिनात आधीच कुणीतरी भरपूर उद्योग केलेले. मागून काळा धूर, पेट्रोलचा भपकारा, आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी नुसती उभी असताना, इंजिन सारखं वर-खाली.

“काका, शुक्रवारी बायकोला आणि बाळाला नारायणगावहून आणायचंय. सासरे म्हणाले, जावई स्वतःच्या गाडीतून नेणार असेल तरच पाठवतो.”

सलीम हसला. “अरे भावा, मागे बाळ कुठे ठेवणार? ही सीट आहे की डबा ठेवायची फळी?”

“बायकोच्या मांडीवर, सलीमचाचा. तेवढं बसतं हो.”

प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट. म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जात होतं. पेट्रोल सोडणारे इंजेक्टर गळतायत का पाहिलं, नाही. पेट्रोलचं प्रेशर बरोबर. गरम-थंड सांगणारे सेन्सर ठीक. मग लॅपटॉपवर एक गोष्ट दिसली. गाडी नुसती उभी असताना कॉम्प्युटरला ॲक्सिलरेटर किंचित दाबलेला दिसत होता. आणि तो आकडा स्थिर नव्हता, थरथरत होता. प्रत्येक थरथरीला कॉम्प्युटर आपला थोडं जास्त पेट्रोल सोडायचा. दुखणं सापडलं, असं मला वाटलं.

ॲक्सिलरेटरचा सेन्सर नवा टाकला. तेच. केबल बदलली. तेच. गंमत म्हणजे इंजिन बंद केलं की आकडा बरोबर शून्यावर यायचा. चालू केलं की परत... कुणीतरी निघायची घाई असल्यासारखा पाय टेकवून बसावा, तसा.

गुरुवार आला. आमच्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, लाइटही बहुतेक नसते. भर दुपारी अख्खी गल्ली इतकी गप्प असते की लांबच्या शेडवर बसलेलं कबुतर ऐकू येतं. गॅरेजमध्ये मी आणि सलीम दोघेच. आमची पद्धत ठरलेली आहे. तो सीटवर बसतो, मी बॉनेटखाली वाकतो. बॉनेट उघडं असलं की आतला माणूस मला दिसत नाही, म्हणून मी ओरडून सांगतो — “दे” म्हटलं की त्यानं रेस द्यायची, “सोड” म्हटलं की सोडायची.

त्या दुपारी बराच वेळ हेच चाललं होतं. दे. सोड. हलकी दे... अजून हलकी. हां, धर तिथेच. इतकी अलगद रेस सलीमला कधी जमत नाही, तो दणकाच देतो. मी म्हटलंसुद्धा, “काय सल्या, आज पाय लोण्याचा झालाय का?”

मग म्हणालो, “दे आता. पूर्ण.”

इंजिन गर्जलं. आणि माझ्या मागून, गॅरेजच्या दारातून सलीमचा आवाज आला, “दिल्या! एवढी रेस कशाला? चहा सांडला ना राव!”

तो दोन कागदी कप घेऊन उन्हात उभा होता.

मी बॉनेटवरून हात काढला. त्या आवाजात तो केव्हा उठून गेला, मला कळलंच नव्हतं. इंजिन तसंच ओरडत होतं. मी बाजूनं दरवाज्यापर्यंत गेलो. सीट रिकामी. खाली ॲक्सिलरेटरचं पेडल पार मॅटला टेकलेलं.

सलीम माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्यालाही दिसलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण मला एकट्याला दिसलं असतं तर मी विसरून जायचा प्रयत्न केला असता.

मी म्हणालो, “सोड.”

पेडल वर आलं. झटक्यानं नाही, स्प्रिंगनं येतं तसं नाही. सावकाश, ऐकून घेतल्यासारखं. आणि पूर्ण वर आलंच नाही. बोटभर खाली थांबलं आणि तिथे थरथरत राहिलं.

सलीमनं आत हात घालून किल्ली फिरवली. पेडल टक्कन जागेवर आलं.

“त्या पोराला खरं सांग,” तो म्हणाला. “आत्ता फोन लाव.”

“काय सांगू? गिऱ्हाइकाला काय सांगू मी? गाडीत कोणीतरी बसलंय?”

“हो. तेच सांग.”

मी फोन लावला नाही. सलीम मशिदीत जाऊन येतो म्हणून निघून गेला, आणि त्यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी लॅपटॉप उघडला. पेडल जिथे थरथरत होतं तीच जागा शून्य धरली, आणि एवढ्या हालचालीकडे लक्ष देऊ नकोस असं कॉम्प्युटरला सांगून ठेवलं. धूर गेला, वास गेला. इंजिन शिलाई मशीनसारखं एका लयीत चालायला लागलं. पेडलाकडे मी पाहिलं नाही.

संध्याकाळी अनिकेत आला. खूश! ट्रायलला तो चालवत होता, मी शेजारी. स्पाइन रोडला समोर एक सिटी बस थांबली आणि बायका उतरून रस्ता ओलांडायला लागल्या. अनिकेतनं ब्रेक दाबला. गाडी दबली, पण थांबेना. इंजिन चढतच गेलं, गाडी ब्रेकला ओढून पुढे पुढे सरकत होती. एक बाई डब्याची पिशवी छातीशी धरून आमच्या समोर गोठून उभी राहिली.

“सोड!” मी किंचाळलो. “सोड, सोड!”

इंजिनचा आवाज त्या क्षणी पडला. गाडी थांबली तेव्हा त्या बाईचा पदर बॉनेटला लागत होता.

अनिकेत माझ्याकडे वळला. “काका, मी काय सोडू? माझे दोन्ही पाय ब्रेकवर होते.”

मी म्हणालो, केबल अडकते बहुतेक. एवढं मात्र बजावलं की बाळाला यात बसवायचं नाही. तो भाड्याची गाडी करून गेला. सासरे दारात काहीबाही बोलले म्हणे, पण बायको-बाळ सुखरूप घरी आले. ती गाडी त्यानं परत चालवलीच नाही. माझ्याकडेच ठेवली आणि विकायला काढली.

जुन्या गाड्यांचा एजंट बघायला आला. अनिकेतनं आधीच हात जोडले होते, “काका, काही बोलू नका, नाहीतर कुणी घेणार नाही.” एजंटनं विचारलं, “शेठ, इंजिन कसं आहे?” मी गाडी चालू करून दिली. तो कान लावून ऐकत राहिला. “वा! नव्यासारखं.”

मी म्हणालो, “हो. ओके आहे.”

सलीम पाठ फिरवून आत गेला. तेव्हापासून तो कुठल्याच गाडीत रेस द्यायला बसत नाही. बसावं असं मी म्हणतही नाही.

नंतर मी एजंटला गाठलं, खरं सांगायचं ठरवून. गाडी केव्हाच पुढे गेली होती, नगरच्या बाजूला की अजून कुठे, त्यालाही नक्की माहीत नव्हतं. आधीच्या मालकांची चौकशी केली. अपघात नाही, कुणी दगावल्याचं नाही. तो पाय कुणाचा होता, माझं का ऐकत होता, दुसऱ्या कुणाचं ऐकेल का... मला काहीही माहीत नाही.

हे लिहितोय ते फक्त यासाठी की तुमच्यापैकी कुणी अशी राखाडी, दोन दारांची, टर्बो लावलेली गाडी अलीकडे घेतली असेल, तर ती आजच उभी करा. काय तपासायचं ते मला सांगता येणार नाही. धूर येणार नाही, पेट्रोलचा वास येणार नाही, सिग्नलला इंजिन जरासुद्धा हलणार नाही. गाडी तुम्हाला उत्तम वाटेल. ती तशी वाटावी, हे काम मी फार नीट केलंय.