तोरण चौकातली पांढरी फक्की

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा हा विषय बाजूला ठेवतो – जणू त्याला ठाऊकच नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून असेल. आणि सांगता सांगताही डोक्यात चाललंच आहे की तुम्ही हे कुठे, कोणापाशी बोलाल. स्वभाव आहे, काय करणार.

मी संशयी माणूस आहे. कंपनीतून सीलबंद आलेला रंगाचा डबासुद्धा मी झाकण हलवून बघतो – वाटेत कोणी उघडला तर नाही ना? चहा आला की आधी वास घेतो, सकाळचाच परत उकळला असेल म्हणून. बायको चारचौघांत सांगते की आमच्या लग्नात अंतरपाटाखालून वाकून मी आधी खात्री करून घेतली होती, नवरी तीच आहे ना. लोक हसतात. मीही हसतो. संशयी माणूस कुणाचं वाईट करत नाही, फक्त जपून राहतो – असं मला वाटायचं.

आमचं गाव मुकुटबनच्या बाजूला. नाव सांगत नाही. गावाच्या मधोमध तोरण चौक, आणि चौकात दोन जुने दगडी खांब. कोणी म्हणतं भोसल्यांच्या काळातले, कोणी त्याहून जुने. पोळ्याला या दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या बैलजोड्या त्याखाली उभ्या राहतात, झडत्या – पोळ्याची गाणी – म्हटल्या जातात, मग मानाची जोडी पुढे निघते. माझं रंगाचं दुकान बरोबर त्या खांबांसमोर. शिंगांचा हिंगूळ, बेगड, गेरू – पोळ्याआधीच्या आठवड्यात मला जेवायला उसंत नसते.

बाकी वर्षभर मात्र चौकाची अवकळा होती. ऑटो, मोटारसायकली, वाढदिवसाचे फ्लेक्स. बाजाराला आलेल्या बाया पिशवी मांडीवर घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायच्या आणि मी दिसलो की उठायच्या. चौक होता, पण तिथे कोणी थांबत नव्हतं.

मग ग्रामपंचायतीत चौक नव्याने करायचं ठरलं, आणि काम आलं करुणाकडे.

करुणा म्हणजे देवानंदची मुलगी. देवानंद माझा शाळेपासूनचा दोस्त – एसटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर. तो राहतो वस्तीत, त्याच्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागे दीक्षा घेतली तेव्हापासूनचं ते बौद्ध घर. रोज सकाळी तो माझ्या दुकानात येतो, पेपर वाचतो, आम्ही चहा घेतो. पोरगी नागपुरात आर्किटेक्ट झाली तेव्हा पेढे त्याने आधी माझ्या हातावर ठेवले होते. मी ते खाल्ले. मनापासून खाल्ले का? – येईन त्याच्यावर.

करुणाने आल्या आल्या नकाशा काढला नाही. काही दिवस ती नुसती चौकात बसून राहिली. कोण कुठून येतं, सावली कुठे सरकते, बाया कुठे टेकतात. मला लगेच शंका – ही नुसती बसून काय करते? दुकानात गिऱ्हाईक किती येतं ते तर बघत नाही? मग तिने सांगितलं की बांधकामाच्या आधी चौक जमिनीवर आखून बघू या. फळ्या टाकू, लोकांना बसू देऊ, चुकलं तर रेघ पुसू. त्यासाठी तिने माझ्याच दुकानातून गेरू नेला. मी म्हटलं, गेरू कशाला, फक्की ने – चुन्याची पूड, उन्हात लांबून उठून दिसते, मैदानं तिनेच आखतात. तर ती हसली.

"फक्की नको, काका. आपल्या लोकायले फक्की दिसली का मांगून जेसीबी दिसते."

खरं होतं. तहसीलच्या रस्त्यावरची अतिक्रमणं काढली तेव्हा आधी पांढऱ्या रेघा पडल्या, आणि मग मशीन आलं. तेव्हापासून आमच्या गावात पांढरी रेघ म्हणजे पाडणार, एवढाच अर्थ राहिला. आठवड्याभराने कबड्डीचं मैदान आखलं तर शेजारचा पानठेलेवाला टपरी उचलून पळाला होता. हे मला माहीत होतं. तिने सांगण्याआधीही माहीत होतं. हे लक्षात असू द्या.

तर गेरूच्या तांबड्या रेघा पडल्या. गाड्या मागच्या गल्लीत गेल्या. कडेकडेने फळ्या मांडल्या, मधली वाट जोड्यांसाठी रुंद मोकळी ठेवली, खांबांना तर तिने हातही लावला नाही. आणि काय सांगू – संध्याकाळी लोक यायला लागले. म्हातारे आले, कॉलेजची पोरं आली, फुटाणेवाला आला. माझी बायको लग्न होऊन या गावात आल्यापासून पहिल्यांदाच त्या चौकात बसली. देवानंदच्या बायकोशेजारी, एकाच फळीवर, एकाच पुडीतले फुटाणे खात. घरी आल्यावर म्हणाली, "काय हो, इतक्या वर्षांत हे कोणालेच काहून नाही सुचलं?"

मला बरं वाटलं नाही.

का वाटलं नाही? स्वतःला मी पुष्कळ कारणं दिली. गिऱ्हाईकाची गाडी दुकानासमोर लागणार नाही. फळीवर कोण कोणाला खेटून बसतंय. हिला एवढा पुळका का गावाचा? पण संध्याकाळी शटरपाशी उभा राहून मी एकच ऐकत होतो – देवानंदच्या पोरीनं चौक केला. देवानंदच्या पोरीनं. आमच्या घरचं कोणी पोळ्याला मानाच्या जोडीमागून चालल्याशिवाय कधी राहिलेलं नाही. आणि आता तोरणाखालून जाताना लोक नाव कोणाचं घेणार? वस्तीतल्या पोरीचं? दोस्ताची पोरगी होती ती. माझ्या मांडीवर खेळलेली. तरी माझ्या मनात हाच शब्द आला – वस्तीतली. हे सांगतानाही लाज वाटते, पण आला, हे खरं.

त्याच सुमारास पाण्याच्या पाइपसाठी चौकात खोदकाम सुरू व्हायचं होतं. मला वाटलं, मशीनवाला बाहेरचा, त्याचा काय भरवसा, खांबाला धक्का लावला म्हणजे? खांबांभोवती खूण हवी. मी हे इतक्या वेळा मनात घोकलं आहे की कधी कधी माझाच त्यावर विश्वास बसतो.

सकाळी दुकान उघडायच्या आधी, चौकात कुत्रंही नव्हतं तेव्हा, मी पोत्यातून फक्की घेतली आणि दोन्ही खांबांभोवती गोल काढला. जाड. लांबून दिसेल असा.

गेरू दुकानात होता. हाताशीच होता.

आता कळलं ना?

नऊ वाजेपर्यंत चौक भरला. खांब पाडून राह्यले, एवढंच प्रत्येकाच्या तोंडी. कोणी म्हणालं, पोळा बंद करायचा डाव आहे. मग जे मला आधीच माहीत होतं ते कोणीतरी मोठ्याने बोललं – "यायले कायचा आला आपला पोळा?" करुणा धावत आली. ती शांतपणे सांगत होती की खांब तिच्या आराखड्यात जिथल्या तिथे आहेत, रेघा तिच्या तांबड्या आहेत, ही पांढरी तिची नाही. कोण ऐकतो? आदल्या संध्याकाळी तिच्या फळीवर बसून फुटाणे खाणारे लोक तिच्याकडे चोराकडे बघावं तसे बघत होते. मी संशयी माणूस, संशय कसा दिसतो ते मी ओळखतो. इतक्या सगळ्या चेहऱ्यांवर माझा स्वतःचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. देवानंद गर्दीच्या मागे उभा होता.

मग कोणीतरी मला पुढे केलं. दुकान समोरच आहे, तुम्ही सांगा सुधाकरभाऊ, फक्की कोणी टाकली?

मी म्हणालो, "मले काय मालूम? मी काही पाह्यलं नाही."

करुणाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली, माझ्या पायांकडे. माझ्या चपलेच्या पट्ट्यात फक्की अडकलेली होती, अंगठ्याच्या नखातही. तिने ते नीट पाहिलं. मला वाटलं – आता बोलणार. आता बोट दाखवणार. तिने फळीवरची आपली पिशवी उचलली, बापाचा हात धरला आणि दोघं घरी गेले.

दोन दिवसांत फळ्या उचलल्या गेल्या. करुणाने काम सोडलं. सोडलं म्हणतो मी, खरं तर लोकांनी सोडायला लावलं, आणि त्या लोकांत मी होतो. पुढे बाहेरच्या कोणीतरी चौक केला. मधोमध कारंजं आहे, त्यात पाणी कधी आलं नाही. चकचकीत फरशी आहे, तिच्यावर बैलांचे खूर घसरतात. खांब स्टीलच्या कठड्याआड गेले. तोरण आता विजेच्या खांबाला बांधतात आणि जोड्या रस्त्यावर उभ्या राहतात. गाड्या परत माझ्या दुकानासमोर लागतात. बाया परत माझ्या पायरीवर टेकतात आणि मी दिसलो की उठतात. बायको आता चौकात जात नाही. का, ते मी तिला विचारत नाही.

मला वाटलं होतं, देवानंद यायचा बंद होईल. खरं सांगतो, मी वाट बघत होतो त्याची. आठवडाभर आला नाही, आणि मग आला. पेपर घेतला, बसला. तेव्हापासून मी रोज त्याचं तोंड न्याहाळतो. पोरीने सांगितलं असेल का? माहीत असून बसतो आहे का? चहाचा घोट घेताना थांबला की मी घाईने दुसराच विषय काढतो. करुणा दुसऱ्या शहरात चांगलं काम करते, तिचा फोन आला की तो मला सांगतो, आणि मी प्रत्येक वाक्य उलटंपालटं करून बघतो – यात काही सूचना आहे का? ती कशाला गप्प राहिली? बापाची दोस्ती मोडू नये म्हणून, की कधीतरी काढायला राखून ठेवलंय? बघा, अजूनही मी तिच्यावरच संशय घेतो आहे.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. देवानंदने पेपर घडी करून ठेवला आणि चौकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सुधाकर, एक इचारू? ते फक्की कोणं टाकली असन रे? पोरीले लय डाव इचारलं म्या. म्हणते, मले नाही मालूम बाबा."

नाही मालूम. तिने सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं त्याच्या तोंडावर मी जे शोधत होतो, ते तिथे कधी नव्हतंच. तो फक्त माझा दोस्त म्हणून येत होता. मला तेव्हा बोलता आलं असतं. दुकानात आम्ही दोघंच होतो.

"त्या पाइपवाल्या ठेकेदाराचा माणूस असन," मी म्हणालो.

देवानंदने मान हलवली. असन, म्हणाला. जेवायची वेळ झाली होती. मी दुकान बंद करायला उठलो, तसा तोही उठला, आणि माझा खांदा दुखतो म्हणून रोज लावतो तसा शटर ओढायला त्याने हात लावला.