डावऱ्याचा जोडीदार

डावऱ्या माझ्याबरोबर काचेच्या कारखान्यात होता. मी पेट्या ठोकायचो, तो काच वाहायचा. दारापेक्षा मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची असते. पुढच्याला मागचं काही दिसत नाही. कधी थांबायचं, कधी टेकवायची, हे मागच्याने सांगायचं. पुढच्याने का म्हणून विचारायचं नाही. विचारत बसला की काच गेली.

डावऱ्याच्या मागे लंबू असायचा. लंबू तिकडचा, परमुलखातून कामाला आलेल्यांपैकी. कातडीचा रंग आमच्याहून वेगळा, आमची भाषा मोडकीतोडकी. म्हणून तो बोलायच्या फंदात पडत नसे. जीभ टाळूला लावून 'टक्' करायचा. टक् झालं की डावऱ्या काच खाली घ्यायचा. अंग न चोरणारी तशी जोडी मी दुसरी पाहिली नाही.

पूर्वी थट्टा चालायची. "लंबू, वीज गेली की हसत जा रे, म्हणजे सापडशील!"

"सापडलो तर काम सांगाल!" लंबू म्हणायचा.

मग मागणी बसली. एक भट्टी विझवली, पाळ्या कमी झाल्या, माणसं काढणार अशी कुजबुज सुरू झाली. मालक वर काचेआड बसलेला, त्याला कोण बोलणार? तिकडचे मात्र समोर होते. "हे आले नि आपल्या पोटावर पाय आला," असं आमचे लोक उघड म्हणू लागले. म्हणणाऱ्यांतले निम्मे लंबूच्या मागाहून कामाला लागलेले. डबा खायची बाकं वेगळी झाली. थट्टा तीच राहिली, लंबूने उत्तर देणं सोडलं.

मुकादमाने कटकट नको म्हणून जोड्या मोडल्या. डावऱ्याच्या मागे त्याचा मेहुणा आला, बायकोचा धाकटा भाऊ. अंगात जोर होता, नजर नव्हती.

एका सकाळी दोघं मोठी काच घेऊन निघाले. मागे, वरच्या कोपऱ्यात तडा धावू लागला. मेहुणा स्वतःच्या पायांकडे बघत चाललेला. पलीकडे लंबू उभा होता. त्याने तडा पाहिला आणि टक् केलं. डावऱ्याने काच तिथल्या तिथे खाली घेतली, मेहुण्याने धरून ठेवली. काच मधोमध मोडून पायाशी कोसळली. मेहुण्याचं मनगट कापलं, तेवढंच. आणखी थोडे पुढे गेले असते तर तीच काच वरून डावऱ्याच्या मानेवर आली असती. काच वाहिलेल्या कुणालाही हे कळतं.

मेहुणा ओरडला, "यानं मुद्दाम केलं! आपल्या माणसाला मारायला निघाला!"

सगळे जमले. मुकादमाने डावऱ्याला विचारलं, "लंबूनं आवाज केला?"

"केला."

"कशासाठी?"

दोष मेहुण्यावर आला असता तर मेहुणा घरी बसला असता, आणि त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. डावऱ्या त्याच्या रक्ताळलेल्या मनगटाकडे बघत राहिला.

"मला काय माहीत," तो म्हणाला.

लंबूला त्याच दिवशी काढलं. त्याने हातमोजे उलटे करून बाकावर ठेवले, घाम वाळावा म्हणून आम्ही रोज ठेवतो तसे, आणि गेला. कुणीतरी शिटी वाजवली. हिवाळ्यात दुसरी भट्टी विझली. मेहुणा गेला, डावऱ्या गेला, मीही गेलो.

त्याला बरीच वर्षं झाली. परवा डावऱ्या लंबूचं घर शोधायला निघाला, मला सोबत घेऊन. तिकडच्यांच्या वस्तीत आम्ही दोघं पहिल्यांदाच गेलो. वरच्या मजल्यावर एका म्हातारीने दार उघडलं. डावऱ्याने लंबूचं खरं नाव सांगितलं. मला ते ठाऊकही नव्हतं.

"ते गेले हो," ती म्हणाली. "मागच्याच वर्षी. तुम्ही कोण?"

'जोडीदार' म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. "काचेच्या कारखान्यातला," तो म्हणाला.

"मग यांच्या पुढे चालायचे ते भाऊ तुमच्या ओळखीचे असतील. डावखुरे. त्यांची मान वाचली, असं हे सांगायचे." तिने दार आणखी उघडलं. "आहेत ना ते बरे?"

डावऱ्याने चौकट धरली.

"बरा आहे," तो म्हणाला.

ती आत या म्हणत होती. आम्ही जिना उतरलो.