भट्टीखालचा आवाज

भट्टी नीट तापली की नाही हे कळायला व्हेरोना हुदाकला कुठलंही यंत्र लागत नाही. ती बाही कोपराच्या वर सारते, उघडा हात भट्टीच्या तोंडात घालते आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पुटपुटायला लागते. आमेनपर्यंत हात आत टिकला तर पाव घालायचे. मध्येच मागे घ्यावा लागला तर भट्टी निवू द्यायची. तिच्या दंडावरचे केस कधीच झडून गेलेत, पण तिचा एकही पाव आजवर करपलेला नाही.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या, पूर्व युरोपातून आलेल्या खाणकामगारांच्या या वस्तीतली कोळशाची खाण कधीच बंद पडली. राहिली ती जोडघरांची रांग, कांद्याच्या आकाराच्या घुमटाचं चर्च आणि व्हेरोनाच्या परसातली विटांची भट्टी. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका आपापली कणीक घेऊन तिच्याकडे येतात आणि पास्का, म्हणजे टोपलीत ठेवून चर्चमध्ये आशीर्वाद घ्यायचा गोल गोड पाव, त्याच भट्टीत भाजून नेतात. लोक तिला तेता म्हणतात, तेता म्हणजे मावशी. शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवता शिवता तिची पाठ वाकली, पण जीभ अजून ताठ आहे. वस्तीत कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा पोरगा बिघडला की आधी तिची बोलणी खायची आणि मग तिच्या हातचं कोबीचं सूप प्यायचं, अशी रीत आहे. अशी माणसं आहेत म्हणून वस्त्या टिकतात, असं माझं ठाम मत आहे.

तर या तेताच्या परसात यंदा एक ग्राउंडहॉग शिरला. थंडीभर बिळात घोरायचं आणि बर्फ वितळलं की लोकांच्या मेहनतीवर ताव मारायचा, हा या घुशीसारख्या दिसणाऱ्या गलेलठ्ठ प्राण्याचा धंदा. त्याने वाटाण्याचे कोंब जमिनीलगत कुरतडले. खोक्यात वाढवलेली कोबीची रोपं एका सकाळीत फस्त केली. तेताने मिरपूड टाकली, डांबराच्या गोळ्या टाकल्या, न्हाव्याकडून केस आणून पसरले. त्याने मिरपुडीवरून चालत जाऊन ट्युलिप खाल्ले. मग मात्र त्याने थेट भट्टीखाली बीळ खणलं. खालून निघालेल्या मातीचा ढीग रोज वाढत गेला, भट्टीचा चौथरा एका बाजूला कलला, आणि तेताने हात टेकले.

"पिंजरा लावतो," शेजारचा मेट्रो बिलाक म्हणाला. मेट्रो जुना खाणकामगार, तिच्याच वयाचा, तिच्याच वर्गातला. "खरबुजाची फोड ठेवली की येतो बघ मुकाट्याने."

"आणि मग?"

"मग काय, पुलापलीकडे सोडून द्यायचा. सगळे तेच करतात."

"आणि पलीकडचे त्यांचे कुठे सोडतात?"

मेट्रोने टोपी काढून डोकं खाजवलं. "ते मी कधी विचारलं नाही बुवा."

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी सकाळी ग्राउंडहॉग पिंजऱ्यात सापडला. मेट्रोने लगोलग पिंजरा ट्रकमध्ये टाकला आणि पुलापलीकडच्या एका पडीक शेतात, दगडांच्या राशीपाशी नेऊन सोडला. परत येऊन तो तेताच्या पायरीवर विजयी वीरासारखा कॉफी पीत बसला.

हिवाळाभर भट्टी दमटलेली असते, म्हणून तेता दोन दिवस आधी तिच्यात बारीक जाळ करते. काटक्या घालायला ती वाकली आणि तशीच राहिली.

"मेट्रो, इकडे ये."

"आता काय?"

"गप्प राहा आणि ऐक."

भट्टीखालून बारीक, चिरका आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता.

"अरे देवा," मेट्रो म्हणाला. "मादी होती वाटतं. पिलं आहेत."

तेताने काटक्या बाजूला टाकल्या आणि कोळशाचं फावडं उचललं.

"अगं, वेडी झालीस का?" मेट्रोने फावड्याचा दांडा धरला. "चौथरा आधीच पोखरलाय. आणखी माती काढलीस तर अख्खी भट्टी खाली बसेल. परवा बायका कणीक घेऊन दारात उभ्या राहतील, त्यांना काय सांगशील? ज्या किड्यांनी तुझा कोबी खाल्ला..."

"यांनी नाही खाल्ला. यांच्या आईने खाल्ला."

"एवढंसं ओरडणं ते. संध्याकाळपर्यंत आपोआप शांत होतील."

तेता सरळ उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हेच," ती म्हणाली. "अगदी याच शब्दांत, मेट्रो. खाणीच्या साहेबाने माझ्या आईला हेच सांगितलं होतं."

मेट्रोने दांडा सोडला. ती सात वर्षांची असताना खाणीत आग लागली होती. आग विझावी म्हणून कंपनीने खाणीचं तोंड बंद केलं, तेव्हा आत माणसं होती आणि ती हवेच्या पाइपावर ठोकत होती. आत तेताचे वडील होते. मेट्रोचा थोरला भाऊही होता. त्या दिवसापासून या वस्तीत एक कायदा आहे, तो कुठे लिहिलेला नाही आणि कुणाला शिकवावाही लागत नाही: खालून आवाज येतोय तोवर खणायचं. मेट्रो चाळीस वर्षं त्या कायद्याने वागला होता. आज त्याला तो आठवला नाही, कारण आवाज माणसाचा नव्हता.

तो वळला आणि निघून गेला. तेता गुडघ्यांवर बसून एकटीच माती ओढायला लागली. तिला वाटलं, गेला हा. पण तो परतला तो खांद्यावर लाकडी टेकू घेऊन, आणि मागून म्हातारा वासिल चुपका, नाकात ऑक्सिजनची नळी, नळकांडं चाकांवर ओढत.

"बाजूला हो," मेट्रो म्हणाला. "असं खणतात होय? घर पाडशील."

वासिल पालथ्या बादलीवर बसला. कोळशाच्या धुळीने त्याची फुप्फुसं गेली होती, कान नव्हते गेले. मेट्रो पोटावर झोपून चौथऱ्याखाली शिरला, एक टेकू उभा केला, पाचर ठोकली, थोडी माती काढली.

"थांब. लाकूड करकरतंय, बोलतंय," वासिल म्हणाला. "डावीकडे आणखी एक लाव."

"मला काहीच ऐकू नाही आलं."

"म्हणून तर मी मुकादम होतो आणि तू नव्हतास."

भट्टीच्या तोंडाची कमान दुपारी ढासळली. विटा मेट्रोच्या पायांवर पडल्या, त्याने एक कचकचीत शिवी हासडली आणि खणत राहिला. घुमटाला भेग गेली, पण तो टेकूंवर उभा राहिला. ऊन उतरताना मेट्रोचा हात बाहेर आला. त्यात डोळेही न उघडलेलं, गुलाबी, थरथरणारं पिलू होतं. मग दुसरं. मग बाकीची. तेता एकेकाला ॲप्रनमध्ये घेत गेली.

मेट्रो लंगडत, पिलांचं खोकं कोटात गुंडाळून, ट्रकने पुलापलीकडे गेला. तेता गेली नाही. ती बिळाच्या तोंडाशी मातीत आडवी झाली आणि जमिनीला कान लावून पडून राहिली.

मेट्रो परतला तेव्हाही ती तशीच होती.

"नेली तिने," तो म्हणाला. "दगडांतून बाहेर आली, माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू, आणि मानेला धरून एकेक आत नेलं. सगळी नेली."

"बरं झालं."

"ऊठ आता. जमीन गार आहे."

"आणखी थोडं ऐकते."

तिच्या आईला त्या पाइपापासून चार माणसांनी ओढून नेलं होतं, आणि ठोकणं नेमकं कधी थांबलं हे ती मरेपर्यंत लोकांना विचारत राहिली. मेट्रोने तेताला हात लावला नाही. तो दुखऱ्या पायाने तिच्या शेजारी खाली बसला. वासिलने नळीचा फुसफुस आवाज नको म्हणून नळकांड्याची चावी बंद केली आणि होता तो श्वास धरून बसला.

बऱ्याच वेळाने तेताने डोकं उचललं. तिचा एक गाल मातीने माखला होता आणि दुसरा ओला होता.

"कुणी नाही खाली," ती म्हणाली. "सगळे वर आले."