माझ्याकडे असे होत नाही

महाडमध्ये श्रीधर कारखानीस यांच्या घरी जिन्याखाली एक फळी उभी करून ठेवली आहे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, जाड प्लायवुडची. एका कडेला नायलॉनच्या दोरीचा कान आहे. मध्ये स्क्रूची सहा भोके आणि दोन पत्र्याच्या पट्ट्यांच्या खुणा. गेल्या वर्षीच्या जूनपर्यंत या फळीवर कॉम्प्युटरचा सीपीयू आणि त्याची बॅकअपची हार्ड डिस्क शेजारी शेजारी घट्ट बसवलेली होती.

२०२१ च्या पुरात सरांना खालच्या मजल्यावरून सामान वर न्यायला जेमतेम वीस मिनिटे मिळाली होती. पहिल्या खेपेला त्यांनी सीपीयू नेला. दुसऱ्या खेपेला डिस्क आणायला उतरले, तेव्हा टेबलाचा खण पाण्याखाली गेला होता. सीपीयूही वर नेताना जिन्यावर आपटला तो पुन्हा सुरू झाला नाही. त्यातून त्यांनी एक धडा घेतला: वस्तू दोन असल्या की खेपा दोन होतात. पाणी ओसरल्यावर नवे यंत्र घेतले आणि सुताराकडून ही फळी करून घेतली. एका हाताने दोर धरायचा आणि वर जायचे. त्या वर्षानंतर महाडच्या खालच्या आळ्यांमध्ये अशा युक्त्या घरोघर झाल्या. सरांची त्यातल्या त्यात नीटनेटकी होती.

कारखानीस पोलादपूरच्या एका माध्यमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवत. अठ्ठावीस वर्षे रोज एसटीने जाऊन येऊन नोकरी केली आणि निवृत्त झाले. त्यांचे दुसरे काम घरातल्यांखेरीज कुणाला फारसे माहीत नव्हते. एक मोठी कंपनी आपली नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात आणण्याआधी काही हजार लोकांना वापरायला देते. ते ती वापरतात आणि काय बिघडते ते कंपनीच्या फोरमवर लिहून कळवतात. कुणी तक्रार नोंदवली की तिला नंबर पडतो. बाकीचे तीच गोष्ट आपापल्या यंत्रावर करून बघतात आणि खाली प्रतिक्रिया देतात, ‘मलाही’ किंवा ‘माझ्याकडे असे होत नाही’. इंजिनिअर त्या प्रतिक्रिया मोजूनच तक्रार उघडतात किंवा बंद करतात.

सर नऊ वर्षे हे काम करत होते, पगाराशिवाय. जोडाक्षरे फुटणे, रफार पुढच्या अक्षरावर जाणे, मराठी नावांची यादी वर्णक्रमाने न लागणे, अशा चारशे बारा तक्रारी त्यांनी लिहिल्या. एकसष्ट दुरुस्त झाल्या. त्यांच्या नावापुढे ‘विश्वासू परीक्षक’ असे चिन्ह होते. फोरमवर त्यांचे वजन होते. ते ‘होत नाही’ म्हणाले की दहापैकी नऊ वेळा तक्रार बंद होई.

चाचणीसाठी त्यांनी एक जुने यंत्र वेगळे ठेवले होते. फळीवरच्या यंत्राला ते हात लावत नसत. त्यात लोकांची कागदपत्रे होती.

पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वर दोन तास चढून गेले की ताम्हणमाळ नावाची सतरा घरांची वाडी होती. गुरे पाळणारी, नाचणी-वरी पिकवणारी माणसे. डोंगर सुटू शकतो, वाडी कधीतरी खाली न्यावी लागेल, असे पाहणीला आलेल्यांनी सांगितले होते. त्या वेळी कुणाचे घर होते हे कागदावर दाखवावे लागणार होते. सरांना पुराचा अनुभव ताजा होता. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ते शाळेचा कॅमेरा घेऊन वर गेले, घरोघर फोटो काढले, पावत्या आणि दाखले स्कॅन करायला खाली आणले. कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करून शाळेला परत दिले.

सोळा घरांना घरपट्टी लागलेली होती. सतरावे केरू आखाडे यांचे. त्याची दप्तरी नोंद ‘गोठा’ अशी होती, आणि ती खोटी नव्हती. केरूंनी ते बांधले ते गुरांसाठीच. मग सगळे राहत ते जुने घर खचून बसले, ते थोरला भाऊ चांगू याने स्वतःच्या नावावर उभारून घेतले, आणि केरू आणि त्यांची बायको साळूबाई गोठ्यात राहायला गेले. मध्ये कारवीचा कूड घातला. कुडाच्या एका बाजूला तीन म्हशी, दुसऱ्या बाजूला चूल. असे अकरा वर्षे चालले होते. नोंद बदलून घ्यायचे कुणाच्या मनात आले नाही.

सरांनी तिथे एकच फोटो काढला, पण विचार करून. चुलीपुढे साळूबाई, मागे तांदळाचे डबे, देवांच्या तसबिरी, मुलगी ज्योती हिचा दहावीचा दाखला काचेत लावलेला, आणि त्या वर्षाचे कॅलेंडर. ज्योती त्यांचीच विद्यार्थिनी. त्या दोघांचे घर म्हणून सांगता येईल असा तेवढाच पुरावा होता. साळूबाईंनी फोटोची एक प्रत मागितली. सर हो म्हणाले. पुढे ज्योतीच्या हाती दोनदा निरोप आला. ते राहूनच गेले.

गेल्या वर्षी मे महिन्यात चैत्राली नावाच्या कराडच्या एका परीक्षक बाईंनी फोरमवर लिहिले की नवी आवृत्ती घालताना बाहेरची डिस्क जोडलेली राहिली, ती पूर्ण कोरी झाली, वडिलांच्या दवाखान्याच्या नोंदी गेल्या. सरांनी जुन्या यंत्रावर करून बघितले. बाहेरची डिस्क म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह लावला, कारण मोकळी डिस्क त्यांच्याकडे नव्हती. पेनड्राइव्हला काही झाले नाही. दोनदा केले. मग लिहिले, ‘माझ्याकडे असे होत नाही. डिस्क पुसायला तुम्ही चुकून होकार दिला असावा.’ पेनड्राइव्ह लावला होता हे लिहिले नाही. दोन दिवसांत तक्रार बंद झाली.

महिनाअखेरीस विजेचा दाब वाढून जुने यंत्र जळाले. त्याच सुमारास कंपनीचे पत्र आले. आवृत्ती जवळजवळ अंतिम आहे, विश्वासू परीक्षकांनी ती आता रोजच्या यंत्रावर वापरून प्रतिक्रिया द्याव्यात. ९ जूनला सकाळी चहा झाल्यावर सरांनी ती फळीवरच्या यंत्रात घातली. डिस्क काढायला हवी होती हे त्यांना माहीत होते. वर्गात ते हेच शिकवत. पण चार वर्षांत ती डिस्क त्यांच्या लेखी वेगळी वस्तू उरली नव्हती. ती फळीचा भाग झाली होती.

सिस्टीमने आधी जोडलेली डिस्क स्वतःच्या कामासाठी पुसून घेतली. मग मध्येच अडकली, मागे फिरली आणि मागे फिरताना यंत्राची आतली डिस्कही कोरी केली. अकरा वाजता पडद्यावर निळा रंग आणि ‘स्वागत आहे’ एवढेच होते. पुण्याच्या एका माणसाकडे दोन्ही डिस्क पाठवल्या. त्याने आठवडाभराने सांगितले की बघतो, वेळ लागेल.

सुमेधाबाई, सरांच्या पत्नी, शाळेत मराठी शिकवतात. त्यांनी विचारले, की त्यात काय काय होते. सरांनी सांगितले. बाकीच्यांच्या पावत्यांच्या नकला पंचायतीत मिळतील, केरूंचा फोटो तेवढा कुठेच नाही.

“घर उभं आहे ना अजून?” सुमेधाबाई म्हणाल्या.

“आहे.”

“मग वर जा आणि दुसरा काढा. फोनवर निघतो.”

पावसात वाट निसरडी असते, पुण्याचा माणूस काढून देईलही, असे सर म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “आणि त्यांना सांगू काय?”

“काय सांगायचंय? नवीन काढायचाय म्हणायचं. साळूबाई काही तुमच्या फोरमवर नाहीयेत.”

रविवारी जातो, असे त्यांनी कबूल केले.

त्याआधी त्यांनी तक्रार नोंदवली. त्यांची चारशे तेरावी. तासाभरात इंदूरच्या एका परीक्षकाची प्रतिक्रिया आली, माझ्याकडे असे होत नाही, तुम्ही चुकून होकार दिला असेल. सरांनी त्याला सात मुद्द्यांचे उत्तर लिहिले. दुसऱ्याने विचारले की डिस्क कोणत्या बनावटीची. तिसऱ्याने लिहिले, की एवढी महत्त्वाची कागदपत्रे होती तर चाचणी केलीच का. रविवारी इंजिनिअरने यंत्राच्या नोंदी मागवल्या आणि त्या गोळा करण्यात दिवस गेला. पुढच्या रविवारी तक्रार ‘पुरेशी माहिती नाही’ म्हणून बंद होण्याच्या बेतात होती. त्याच्या पुढच्या रविवारी सर मित्राचे जुने यंत्र आणि डिस्क मागून आणून तोच बिघाड मुद्दाम घडवत बसले होते. तो घडला. त्यांनी त्याचे फोनवर चित्रीकरण केले, साडेचार मिनिटांचे.

“फोन चालतोय म्हणजे तुमचा,” सुमेधाबाई दारातून म्हणाल्या आणि आत गेल्या.

असे सहा रविवार गेले. सहाव्या रविवारी चैत्रालीबाईंनी सरांच्या तक्रारीखाली ‘मलाही’ दाबले. एक शब्द लिहिला नाही. तेवढ्या एका प्रतिक्रियेने आकडा पुरा झाला आणि कंपनीने तक्रार खरी म्हणून स्वीकारली.

त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, ताम्हणमाळचा डोंगर सुटला. आदल्या दिवशी जमिनीला हातभर रुंद भेग पडली म्हणून माणसांना खालच्या गावच्या शाळेत आणले होते. माणूस एकही गेला नाही. चार घरे गेली. त्यात केरूंचा गोठा आणि त्यातल्या दोन म्हशी. तिसरी दोर तोडून निघाली होती. उरलेली घरेही राहण्याजोगी नाहीत असे ठरले आणि खाली घरे द्यायची यादी सुरू झाली.

ज्योती कामोठ्याला एका दवाखान्यात कामाला आहे. तिचा शुक्रवारी फोन आला.

“सर, बाबांचा तो फोटो पाठवा ना. यादीवाले बोलले, गोठ्यात माणसं ऱ्हात होती त्याचं प्रूफ द्या, लगेच नाव चढवतो. व्हॉट्सॲप केलात तरी चालंल.”

“फोटो नाही, ज्योती.”

“म्हणजे शोधाय लागंल?”

“नाही. गेला. जूनमध्ये कॉम्प्युटरमधलं सगळं गेलं.”

ती म्हणाली, “जूनमध्ये घर होतं की, सर.”

सरांनी तिला पावसाचे सांगितले नाही आणि पुण्याच्या माणसाचेही नाही.

यादीचे काम मंगेश नावाच्या कारकुनाकडे होते. तोही त्यांचाच विद्यार्थी. सर कचेरीत गेले तेव्हा त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला. शिधापत्रिकेवर वाडीचे नाव होते, घराचा नंबर नव्हता. जुने घर चांगूच्या नावावर, त्यामुळे केरूंचे कुटुंब चांगूच्या कुटुंबात धरले जात होते. शेजाऱ्यांच्या सह्या होत्या, पण ते सगळेच यादीतले, म्हणून त्या चालत नव्हत्या. सरांनी प्रतिज्ञापत्र केले होते. सोबत आपल्या तक्रारीची छापील प्रत जोडली होती, चौदा पाने, इंग्रजीत, प्रतिक्रियांसकट. फोटो होता आणि तो अशा अशा कारणाने गेला, हे त्यावरून दिसेल असे त्यांना वाटले होते.

मंगेशने पाने उलटली. दोन-तीन ठिकाणी थांबला. “सर, तुम्ही सांगताय ते खरंच असणार,” तो म्हणाला. “पण हे कॉम्प्युटरबद्दल आहे. घराबद्दल मी फाईलला काय लावू?”

सोळा नावांची यादी ऑगस्टमध्ये लागली. पुण्याच्या माणसाने डिस्क परत केल्या. सहाशे फाइली निघाल्या होत्या, बहुतेक अर्धवट. त्यात सरांच्या भाचीच्या लग्नाचे फोटो होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवी सिस्टीम बाजारात आली. डिस्क पुसण्याचा दोष तीत नाही. दुरुस्त्यांच्या पानावर तो एका ओळीत नमूद आहे आणि आभाराच्या यादीत कारखानीसांचे नाव तिसरे आहे. सोबत आलेल्या पत्रात त्यांचा अनुभव पाच ताऱ्यांपैकी किती, असे विचारले होते. त्या पत्राला त्यांनी उत्तर दिले नाही. परीक्षकांच्या यादीतून नाव काढून घेतले आणि फळीवर उरलेल्या सीपीयूचे स्क्रू सोडवले.

महिन्याच्या शेवटी ते वर गेले. केरूंना खाली शाळेच्या पडवीत म्हैस बांधू देत नव्हते, आणि म्हशीशिवाय ते राहायला तयार नव्हते. भेगेच्या वरच्या अंगाला, जिथे राहायला मनाई आहे, तिथे त्यांनी चार मेढी रोवून निळे प्लास्टिक टाकले होते. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला तीन दगडांची चूल. केरू सरांना बघताच उठून म्हशीमागे गेले.

सरांनी खिशातून फोन काढला. नव्याने अर्ज करता येईल, असे काहीतरी ते सांगत होते.

“आता काय काढताय, गुर्जी,” साळूबाई म्हणाल्या. “आता ह्यो गोठाच हाय.”

त्यांनी फोन खाली घेतला. साळूबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले. प्लास्टिकच्या पश्चिमेकडच्या बाजूने पाणी आत येऊन राखेत उतरत होते.

“ताडपत्री हाय काय तुमच्याकडं?” त्यांनी विचारले. “फोटो नको. ताडपत्री बघा.”

सरांनी पावले टाकून माप घेतले. बारा फूट बाय अठरा. ते महाडला परतले तेव्हा दुकाने बंद होत होती; एकात ताडपत्री मिळाली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळच्या पहिल्या गाडीने ते ताडपत्री घेऊन निघाले.