खुन्याच्या हातचा चहा

आज चहात गवती चहाची पात टाकली आणि त्या वासासरशी नागपूरच्या नाट्यगृहातली एक दुपार आठवली. सावनेरच्या आमच्या महिला मंडळाची सहल होती. नाटक विनोदी, पण खुनाचं. खुनी प्रेक्षकांनीच ओळखायचा, ओळखेल त्या मंडळाला बक्षीस. मेलेले शेठजी मध्येच शिंकले तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. त्यांच्या नोकराने पुढच्या रांगेला असाच वासाचा, खराखुरा चहा दिला. आईने तो फुंकून फुंकून संपवला.

शेवटी इन्स्पेक्टर आईपाशी आला. "मावशी, तुम्ही अगदी समोर होता. शेठजींच्या दुधात पुडी कोणी टाकली?"

"मले काही दिसलं नाही गा," आई म्हणाली.

खुनी नोकरच निघाला. बक्षीस दुसऱ्या मंडळाला गेलं.

परतताना बसमध्ये ती हळूच म्हणाली, "पुडी टाकताना पाहिलं होतं मी त्याले."

"मंग काहून नाही सांगितलं वं आई?"

"त्याच्या हातचा चहा पेली न मी. त्याचं नाव कसं घेऊ?"

सावनेर येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

आता आई नाही. घरी तिचा सकाळचा चहा मीच करायची. माझंही तिने काय काय पाहिलं असेल, आणि बाबांनी विचारल्यावर म्हणाली असेल, मले काही दिसलं नाही.