मसीह आजारी आहे

नाताळच्या आधीचे तीन रविवार मला उपदेशाची पाळी मिळाली आणि मी चढलो. बदलीवर चंडीगढला येऊन दोनच महिने झाले होते, झिरकपूरच्या फ्लॅटमधलं अर्धं सामान अजून खोक्यांत होतं, पण इथल्या मंडळीच्या श्रद्धेत काय खोट आहे ते मला पक्कं कळलं होतं. त्यांना तारणारा नकोच होता. अर्जावर सही करणारा मोठा साहेब हवा होता. दर प्रार्थनेत तेच: मुलाला कॅनडाचा व्हिसा, जावयाला बढती, शेजाऱ्याला अद्दल.

मी ते तोंडावर सांगितलं. लोक रोमी सैन्याला हाकलणाऱ्या राजाची वाट बघत बसले आणि आला तो सुताराच्या घरातला, दुसऱ्यांचे पाय धुणारा. म्हणून ओळखला नाही. तुम्हीही ओळखणार नाही, असं बोट रोखून म्हणालो. आमच्या नगरकडची हिंदी मुळात भांडायलाच बरी, त्यामुळे ते आणखी उद्धट वाजलं असणार.

मंडळीचे ज्येष्ठ, ज्यांना सगळे 'वडील' म्हणत, सचिवालयातून निवृत्त झालेले. उपासनेनंतर त्यांनी हातही मिळवला नाही. तो राजा आहे आणि राजा म्हणूनच परत येणार, दोन महिन्यांच्या पाहुण्यानं त्याची उंची मोजू नये, म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या रविवारी दुसरा भाग आहे, अवश्य या. तिथून आमचं बोलणं बंद.

त्या दुसऱ्या भागाच्या रविवारी सकाळी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा संदेश आला: "आज मसीह नहीं आएगा। बीमार है।"

माझं डोकंच फिरलं. हिंदीत ख्रिस्ताला मसीह म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं माझी टर उडवली, तीही देवाला आजारी पाडून! फ्लॅटखालच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसूनच मी लिहिलं: "न आए तो अच्छा है। वैसे भी यहाँ उसकी ज़रूरत किसे है?" वाक्य जमलं म्हणून खुशीत उपासनेच्या हॉलवर पोचलो.

तिथे कुणी माझ्याकडे बघेना. ढोलक वाजवणाऱ्याची जागा रिकामी होती. या माणसाला सगळे भाजी म्हणत. पंजाबीत भाजी म्हणजे भाऊ, हे कळल्यावर मी त्याचं नाव विचारायचंच सोडून दिलं होतं.

वडील माझ्या कानाशी आले. "मसीह उसका सरनेम है, भाईसाहब. पंजाब में हर दूसरी गली में मिलेगा."

आमच्याकडे लोक ख्रिस्ती झाले तरी आडनावं जुनीच राहिली. देवाचं नाव रेशनकार्डावर असू शकतं, हे मला सुचणार कुठून? मी घाईनं फोन काढला. माझ्या वाक्याखाली त्याचं उत्तर येऊन पडलं होतं: "जी।"

दुसरा भाग झालाच नाही. ढोलकाशिवाय गाणी रडतखडत झाली. आता तो परत येणार नाही म्हणतोय, वडिलांनी सुनावलं, आणि नाताळ तोंडावर आलाय. तुम्ही घालवलात, तुम्हीच आणा.

दुपारी किन्नूंची, म्हणजे तिकडच्या संत्र्यांची, पिशवी घेऊन मोहालीपलीकडच्या त्याच्या खोलीवर गेलो. तो रजईत, तापानं लाल. बायकोनं चहा विचारला नाही. पंजाबात याहून स्पष्ट कुणी हाकलत नाही. मी सगळा घोळ सांगितला. ते तुम्हाला नव्हतंच हो, मला वाटलं प्रभूबद्दल चाललंय.

त्यानं डोळे उघडले. "मतलब वो बात आपने प्रभु को कही थी?"

मी हो म्हणालो, मग नाही म्हणालो, मग किन्नूंची पिशवी पुढे सरकवली.

"तो माफ़ी मुझसे क्यों माँग रहे हो जी?"

किन्नू बायकोनं परत माझ्या हातात दिले.

नाताळला तो आला. उपदेश वडिलांनी केला, राजावरच. मला कुणी काही बोललं नाही. फक्त गाण्यांत मी जरा मोठ्यानं सूर लावला की ढोलकाचा ताल बदले, मी एकटाच चुकत राही, आणि तो समोर बघत शांतपणे वाजवत राही.