दारावर वाळत घातलेले ग्लव्ज

माझी मुलगी माझ्याच शहरात येऊन राहिली होती आणि मला तिला भेटायची परवानगी नव्हती. त्या आठवड्यात जो समोर येईल त्याला मी हे ऐकवत होते. हैदराबादच्या कोठी भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. दाढ दुखणाऱ्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांची मला कधी वाण पडली नाही.

झालं होतं असं. दक्षिण आशियातल्या देशांची, सतरा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा हैदराबादला भरली होती आणि आमची लेक भारताच्या संघात गोलकीपर होती. बाकीच्या मुलींचे आईबाप मणिपूर, झारखंडहून टीव्हीवर डोळे लावून बसलेले. आम्ही सिकंदराबादला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, आणि ती बेगमपेठच्या बाजूला हॉटेलात. रिक्षानं गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचावं एवढं अंतर. पण संघाचा नियम असा की स्पर्धा संपेपर्यंत घरच्यांनी भेटायचं नाही. मुलींचं लक्ष उडतं म्हणे.

लेक अकरा वर्षांची असताना खेळाच्या हॉस्टेलला गेली. हट्ट तिचाच होता, आम्ही फक्त ट्रंक उचलली. गेली तेव्हा ती माझ्या खांद्याला लागत होती, आता मी तिच्या खांद्याला लागते. मधली वाढ मी पाहिलीच नाही. सुट्टीत आली की चार दिवस राहायची, त्यातले दोन झोपून काढायची. तिला काय आवडतं, काय पचतं, सकाळी आधी चहा लागतो की दूध, हे सगळं आता दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक होतं. फोनवर विचारलं तर ‘उकडलेलं चिकन’, ‘ओट्स’ असली उत्तरं यायची. मला वाईट वाटायचं, अगदी सरळ सांगते, खूप वाईट वाटायचं.

म्हणून स्पर्धा आपल्या गावात भरणार हे कळल्यावर मी एकच गोष्ट मनाशी धरली. कप जिंकावा वगैरे तिच्या बाबांची इच्छा. मला एवढंच हवं होतं की या मुक्कामात एकदा तरी मी तिला खाऊ घालावं. तिनं माझ्यापुढं उभं राहून खावं आणि मी बघावं.

फोनवर तिला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, बाहेरचं खायला मनाई आहे. मी म्हटलं, अगं बाहेरचं कुठं, घरचं आहे. त्यावर ती हसली आणि म्हणाली, “घरचं पण बाहेरचंच धरतात, आई.”

हे वाक्य मला दोन दिवस टोचत राहिलं. तिच्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, नियम तो नियम. उभा जन्म रेल्वेत काढलेला माणूस, लाल दिसलं की थांबणार. मी थांबणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी धपाटे थापायला घेतले.

आमची मंडळी मूळची मराठवाड्याकडची. आजेसासऱ्यांच्या वेळी सगळा मुलूख एकाच निजामाचा होता, तेव्हा शेती भावाच्या गळ्यात मारून ते इकडं आले. आता गावाकडं आमचं कुणी उरलेलं नाही. मराठीही घरात अर्धी उरलीय, लेक तर मराठी पाटी वाचताना अक्षराअक्षराला अडखळते. पण धपाटे मात्र टिकलेत. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, भरपूर लसूण, वरून तीळ, आणि सोबत जवसाची चटणी. लहानपणी ती चटणी आत घालून गुंडाळी करायची आणि दारात उभी राहून खायची, कारण बसलं की खेळायचा वेळ जातो.

डबा घेऊन मी हॉटेलवर गेले. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, दोन मिनिटं बसा मॅडम. हा आवाज मी ओळखला. मी स्वतः रोज याच आवाजात लोकांना तासतासभर बसवते. तेव्हा मी तिथून उठले आणि मागच्या बाजूच्या दारापाशी गेले.

तिथं चादरींची गाडी ढकलत एक बाई निघाली होती. माझ्याच वयाची, साफसफाईच्या कामावरची. तिला तीन मुली होत्या, त्यामुळे माझी गोष्ट तिला अर्ध्यातच कळली. डबा पोचवायला ती तयार झाली. अडचण एवढीच की द्यायचा कुणाला. सगळ्या देशांचे संघ त्याच हॉटेलात. खोलीचा नंबर मला माहीत नव्हता. मी मोबाइलवर फोटो दाखवला, तर त्यात लेकीची लांब वेणी, आणि आता तिचे केस मुलासारखे कापलेले. नाव सांगून कुणाला विचारावं तर गोष्ट कोचच्या कानावर जायची.

तेव्हा मला खूण सुचली. सराव झाला की आमची लेक ग्लव्ज नुसत्या पाण्यात धुते. साबण नाही, पिळणं नाही, उन्हात टाकणं नाही. दाबून पाणी काढायचं आणि दाराच्या कडीला लटकवून ठेवायचे. सुट्टीत आली की आमच्या दाराला ते दोन पंजे लोंबत असायचे आणि आल्यागेल्याला मी अभिमानानं सांगायची, हे आमच्या बाईसाहेबांचं खूळ. मी त्या बाईला म्हटलं, ज्या दारावर मोठाले ग्लव्ज वाळत असतील, ती माझी मुलगी. तिथंच द्या, कुणाला विचारू नका.

बाई मान हलवून गाडी ढकलत आत गेली. मी रिक्षात बसले तेव्हा माझ्याएवढी हुशार बाई साऱ्या हैदराबादेत नसेल, असं मला वाटत होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. हवा कशी, मैदान कसं, उद्या सराव कधी, सगळं बोलली. डब्याचं नाव नाही. शेजारी कुणी असेल म्हणून मीही उघड विचारेना. जेवलीस का म्हटलं, तर हो म्हणाली. काय जेवलीस म्हटलं, तर पास्ता. फोन ठेवला आणि माझा चेहरा पाहून तिच्या बाबांनी काही न विचारता भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परस्पर हॉटेलच्या मागच्या दाराशी गेले. त्या बाईनं डबा आणून दिला. घासून लख्ख केलेला, आणि आत कागदात बांधलेले पिवळसर, दगडासारखे कडक तुकडे. हे काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, बच्चीनं दिलंय, तिच्या गावचं चीज आहे. मी म्हटलं, आमच्या गावाला असलं काही होत नाही. मग तिचाही चेहरा पडला.

“मैं तो ग्लव्जां देखकेच दी ना अम्मा. वो नेपाल की बच्ची है बोलके मेरेकु क्या मालूम?” ती म्हणाली. मग म्हणाली, “हर फ्लोअर पे दरवाजों को ग्लव्जां लटकरे, अम्मा. सब गोलकीपरां ऐसेच करते.”

मला आधी तिचा राग आला, मग नेपाळचा. ग्लव्ज असेच वाळवतात, नाहीतर पंजाचा रबर जातो, हे कुठल्याही कीपरच्या आईला ठाऊक असणार, मला नव्हतं. घरी येताना बसमध्ये खरी गोष्ट ध्यानात आली आणि डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पोरीची म्हणून माझ्यापाशी एकच खूण उरली होती, आणि तीही जगातल्या सगळ्या गोलकीपरांची निघाली.

घरी तिच्या बाबांनी त्या चीजचा तुकडा सुपारी समजून दाढेखाली धरला. मी म्हटलं, सावकाश, उद्या दवाखान्यात एकही जागा रिकामी नाही. ते हसले, पण माझी समजूत काही पटली नाही. मी पुन्हा डबा पाठवायचा नाही असं ठरवून टाकलं.

उपांत्य सामना नेमका नेपाळशीच पडला.

स्टेडियम अर्धं रिकामं होतं. एका कोपऱ्यात नेपाळी झेंडे घेऊन वीसेक जण नाचत होते, आबिड्स भागातल्या हॉटेलांत स्वयंपाकघरात काम करणारी मंडळी असावीत. सुट्टी काढून आली होती बिचारी. मी मात्र आधी त्यांची गोलकीपर शोधली. बुटकीशी पोर, केसांना लाल फीत, आणि गोलच्या त्या मोठ्या चौकटीत एकटी. हिनं माझे धपाटे खाल्ले. मी तिच्यावर डूख धरूनच बसले होते.

पण तो काही टिकला नाही. पहिल्यांदा ती आमच्या संघातल्या एका मुलीच्या पायावर झेपावली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, लागलं की काय गं हिला. तिच्या बाबांनी माझ्याकडं चमकून पाहिलं. मी दुसरीकडं बघितलं. खाऊ घातलेल्या पोरीशी वैर धरणं मला जमत नाही, माझा नाइलाज आहे.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. पेनल्टीच्या वेळी दोन्ही गोलकीपर एकाच गोलमध्ये आळीपाळीनं उभ्या राहतात. एक आत जाते, दुसरी बाजूला येऊन थांबते. दर वेळी जातायेता त्या दोघी एकमेकींच्या ग्लव्जला ग्लव्ज लावत होत्या. हे मी सारखं बघत होते. आमच्या लेकीनं एक पेनल्टी अडवली तेव्हा सगळं स्टेडियम उठलं, पण ती उठली नाही. उजव्या हाताची बोटं मुडपली होती. डॉक्टर धावत आले, बर्फाचा फवारा मारला, दोन बोटं एकमेकांना चिकटपट्टीनं बांधली, आणि ती पुन्हा उभी राहिली. शेवटची पेनल्टी आमच्या संघातल्या एका मुलीनं मारली आणि त्या लाल फीतवालीनं ती अडवली. आम्ही हरलो.

“धपाटे कामी आले म्हणायचे,” तिचे बाबा म्हणाले. मी त्यांच्याकडं रागानं पाहिलं. मग बघते तर त्यांचेच डोळे भरले होते. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सामन्यानंतर स्टेडियमच्या मागे बस उभी होती. लेकीच्या संघाच्या कोच बाई कडक म्हणून ऐकून होते, पण त्यांनीच माणूस पाठवून आम्हाला बोलावलं. बस निघेपर्यंत भेटा म्हणाल्या. तिचे बाबा पाणी आणतो म्हणून गेटकडं पळाले. असल्या वेळी ते एका जागी उभे राहू शकत नाहीत.

लेक आली. उजव्या हातावर बर्फाची पिशवी बांधलेली, डावा खरचटलेला. रडत नव्हती. मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल, पण ती नुसती समोर उभी राहिली. एवढ्या वर्षांत आम्ही असं समोरासमोर उभं कधी राहिलो होतो?

मग तीच म्हणाली, “तो डबा तू पाठवलता ना?”

मी म्हटलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, आम्ही कीपर-कीपर त्या नेपाळवालीच्या खोलीत बसलो होतो. डबा उघडला आणि जवसाच्या चटणीचा वास आला.

“मग बोलली का नाहीस, माझा आहे म्हणून?”

“खाता खाता ती रडू लागली, आई. कितीक दिवस झाले, तिच्या गावात फोनच लागत नव्हता. तिला वाटलं हॉटेलवाल्यांनी दिला. ‘मेरा है’ कसं बोलू मी?” ती पायानं माती उकरत राहिली. “मला पण दिलती एक गुंडाळी. मी नाही घेतली. खाल्ली असती तर पळून घरी आले असते मी, मॅच सोडून.”

माझ्यापासून लांब राहून पोर वेगळी झाली, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आणि इथं ती माझ्या हातच्या एका घासाला घाबरत होती.

“आता लै भूक लागली,” ती म्हणाली.

आणि नेमकं त्या दिवशी माझ्यापाशी काही नव्हतं. पर्स उघडून पाहिली, रुमाल, किल्ल्या, दवाखान्याची कार्डं. इतक्यात तिचे बाबा आले. पाणी मिळालं नव्हतं म्हणून ते गेटवरून कागदाच्या पुडीत गरम पल्ली घेऊन आले होते. पल्ली म्हणजे आमच्याकडच्या भुईमुगाच्या शेंगा, टरफलासकट भाजलेल्या. तिनं पुडीकडं पाहिलं आणि मग आपल्या बांधलेल्या बोटांकडं. डाव्या हाताची सालं निघालेली, त्यानं शेंग फुटेना.

मी पुडी हातात घेतली. एक शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून फोलपट उडवलं. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच. ती वाकली आणि तिनं तोंड उघडलं, डोळे मिटून, अगदी दोन वर्षांची असताना उघडायची तसं. कोच बाईंनी आमच्याकडं पाहिलं आणि वळून बॅगा मोजायला लागल्या.

मी फोडत गेले, ती खात गेली. बाकीच्या मुली बसमध्ये चढल्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा तिचे बाबा सवयीनं दोन पावलं मागं सरकले.

ती तशीच वाकून उभी राहिली आणि म्हणाली, “अजून एक दे.”